मदत हवी आहे: मिगची कॅनोपी पांढरी पडते, रविवारच्या आत उपाय हवा

ओझरचा_मुलगा
कागदी मिग-२१ पूर्ण झालंय, फक्त कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच, राहिली आहे. बाटलीच्या प्लास्टिकची चार वेळा केली, चारही वेळा पांढरी पडली. आरपार दिसलीच पाहिजे, कारण आत कॉकपिट केलंय, डायलसकट, तीन रात्री गेल्या त्यात. व्हिडिओ भरपूर पाहून झालेत, लिंका देऊ नका. रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे. पक्का उपाय सांगा, लवकर.

कातरवाला
बाटली कुठली? तापवली कशाने? साचा कशाचा? स्केल काय? यातलं काहीच लिहिलं नाहीत, उपाय कशावर सांगणार?

भट्टीवाले_जोशी
यात विचारायचं काय, जास्त तापवलीय. कोल्ड्रिंकची बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते, ती ७०-८० अंशाच्या आसपास मऊ पडते. त्याच्या बरंच पुढे नेऊन तिथेच धरून ठेवली की आतले रेणू स्फटिकासारखे रचले जातात आणि प्लास्टिक दुधी होतं. एकदा दुधी झालं की परत स्वच्छ होत नाही. हीट गन एका जागी धरू नका, फिरवत राहा. प्लास्टिक साच्याला घट्ट बसलं की त्याच क्षणी बाजूला घ्या.
मी तर हीट गन वापरतच नाही. बाटलीचा तळ कापायचा, आत साचा पाचरीने घट्ट बसवायचा आणि सांडशीत धरून उकळत्या पाण्यात बुडवायचं. बाटली आवळून साच्यावर बसते. पाणी १०० अंशाच्या वर जात नाही, त्यामुळे दुधी व्हायची भीती नाही. लाकडी साचा असेल तर आधी वॉर्निशचे दोन हात द्या, नाहीतर लाकूड फुगेल.

पोकळी_प्रेमी
बाटलीचा नाद सोडा हो. त्या गोल भिंतीला मुळातच बाक असतो, कडेला सुरकुत्या पडणारच. लाकडी खोकं घ्या, वर भोकाभोकांची फळी, बाजूला व्हॅक्यूम क्लीनरची नळी. अर्ध्या मिलिमीटरची पेटजी शीट (तापवून आकार देता येणारं पारदर्शक प्लास्टिक) चौकटीत आवळून शेगडीवर धरा. मधोमध पोटासारखी खाली लोंबली की साच्यावर दाबा आणि क्लीनर सुरू करा. दोन सेकंदांत घुमट तयार. मी आठ वर्षं हेच करतोय.

भट्टीवाले_जोशी
पाच सेंटीमीटरच्या कॅनोपीसाठी खोकं बांधायचं? त्यांच्याकडे रविवारपर्यंतच वेळ आहे.

पोकळी_प्रेमी
खोकं एका संध्याकाळी होतं, आणि पुढच्या प्रत्येक विमानाला उपयोगी पडतं. बाटलीत दहातल्या चार फुकट जातात, हे तुम्हीच मागच्या धाग्यात लिहिलं होतंत.

मनीषा_क
एवढं तापवायचं कशाला? आम्ही मुलाच्या प्रकल्पासाठी ओएचपी शीट (प्रोजेक्टरवर ठेवायची पारदर्शक शीट) कापून वाकवली होती. छान दिसली, अजून कपाटावर आहे.

कातरवाला
ताई, शीट एका दिशेनेच वळते. स्टुकासारख्या सपाट काचांच्या विमानाला तुमची पद्धत उत्तम, मीही तीच वापरतो. मिगचा घुमट लांबीतही वळतो आणि रुंदीतही, तिथे शीटला चुण्या पडतात. बहुतेक ओएचपी शीट पॉलिस्टरच्या असतात, तापवल्या तर ताणल्या जाण्याऐवजी आखडतात.

गगनवेध
कागदी विमान सरळ उडत नसेल तर नाकात टाचणी खुपसा. पंखाची मागची कड किंचित वर वळवली की नाकावर आपटत नाही.

ओझरचा_मुलगा
उडवायचं नाहीये, काचेच्या पेटीत ठेवायचं आहे.
स्केल १:३३, पंखांची टोकं धरून पावणेबावीस सेंटीमीटर. बाटली कोल्ड्रिंकची, दोन लिटरची. हीट गन शेजाऱ्यांची. साचा सागवानी, लांबी (पुट्टी) भरून वॉटर पेपरने घासलेला. सुरकुत्या नाहीत, साचा सेंटीमीटरभर जास्त उंच ठेवला होता, सगळ्या चुण्या कापायच्या रेषेखाली गेल्या. साच्यावरून काढली तेव्हा काचेसारखी स्वच्छ होती. रात्री चिकटवली, सकाळी पांढरी!

कातरवाला
म्हणजे तापवण्याचा इथे काही संबंधच नाही. कशाने चिकटवली?

ओझरचा_मुलगा
झटपट चिकटणारा गोंद, ट्यूबमधला. आणखी कशाने चिकटवणार?

कातरवाला
तोच दोषी आहे. तो गोंद सुकताना त्याची वाफ उठते आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून आसपासच्या पृष्ठभागावर पांढरी पूड होऊन बसते. बंद कॉकपिटमध्ये वाफेला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती काचेलाच आतून धरते. आत डायल चिकटवायला तोच गोंद वापरला असेल तर तोही दोन दिवस उघडा ठेवून पूर्ण सुकू द्या, मगच झाका.
कॅनोपीला साधा फेविकॉल. टूथपिकच्या टोकाने अगदी बारीक रेघ, नाहीतर कागद फुगतो. ओला असताना पांढरा दिसेल, घाबरू नका, सुकल्यावर जवळजवळ दिसेनासा होतो. वरून छापील चौकटीची कागदी पट्टी लावा, जोड पूर्ण झाकला जातो.
आधीच्या चार फेकल्यात का? ती नुसती वर बसलेली पूड असेल. कापडाच्या बोळ्यावर थेंबभर ब्रासो घेऊन आतून हलक्या हाताने घासून बघा. नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका.

भट्टीवाले_जोशी
चिकटवल्यावर पांढरी पडली हे आधी लिहिलं असतं तर मी पाण्याचं पुराण लावलं नसतं. तरी पद्धत चांगली आहे, कुणाला तरी उपयोगी पडेल.

निवृत्त_फिटर
बाळ, तुझे बाबा ओझरच्या मिग कारखान्यात होते का? कुठल्या वर्षी लागले? आणि मिग-२१ चा कुठला प्रकार करतोयस, जुना टाइप ७७ की नंतरचा बिस? कॅनोपी करण्याआधी हे विचारायला हवं होतं.

ओझरचा_मुलगा
हो काका, १९७१ ला लागले. सुरुवातीची वर्षं ७७ वरच होते, म्हणून ७७ करतोय. कॅनोपी छापील नमुन्याप्रमाणे दोन तुकड्यांत आहे, पुढची काच वेगळी, मागचा घुमट वेगळा.

निवृत्त_फिटर
मग तो नमुना ७७ चा नाही. ७७ ला पुढची काच आणि घुमट एकाच तुकड्यात, बिजागरी पुढे नाकाकडे. कॅनोपी मागून वर उचलली जायची. पुढची काच विमानाला कायमची बसवलेली आणि घुमट उजवीकडे कलंडणारा, हे नंतरच्या टाइप ९६ आणि बिसला. पाठीचा उंचवटाही बघ, ७७ चा बारीक असतो. तुझ्या बाबांच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येईल. ज्याच्यावर हात फिरवलेला असतो ते विसरत नाही.

गगनवेध
१४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं टाकली ती मिग-२१ नीच. त्याच दिवशी श्रीनगरला वैमानिक सेखों नॅट हे छोटं लढाऊ विमान घेऊन एकटे लढले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचंच.

पोकळी_प्रेमी
सेखोंवर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. इथे एक सांगतो, एकसंध लांब कॅनोपीला व्हॅक्यूमच बरा.

ओझरचा_मुलगा
काका, पाठीचा उंचवटा काल रात्री कापून बारीक केला. रंगाचा जोड थोडा दिसतोय, चालेल. साच्यावर लांबी भरून दोन्ही भाग एक केले आणि बाटलीवरच पुन्हा काढली. दुसऱ्या खेपेला स्वच्छ आली. फेविकॉलने अजून चिकटवलेली नाही, नुसती ठेवून पाहिली, डायल सगळे दिसतात. ब्रासोने जुन्या चारपैकी एक साफ झाली, तीन गेल्या.
आता वाटतंय की चिकटवूच नये. बिजागरी पुढे म्हणालात ना, मग पुढे कागदी पट्टी लावून उघडती ठेवली तर? बाबांना स्वतः उचलून बघता येईल.

निवृत्त_फिटर
उघडीच ठेव. पट्टी मात्र कागदाची नको, दोन घड्यांत तुटेल. पातळ कापडाची लाव, कागदाच्या आतून.

मनीषा_क
कापड म्हणजे साडीच्या अस्तराचं चालेल का? आमच्या विमानाचं दारही सारखं तुटतं.