रत्नागिरीत फ्लॅट घ्यावा की पैसा बडोद्यातच ठेवावा?

खारीवाव रोड:
नमस्कार मंडळी. इथे बडोद्यात दांडिया बाजारातलं आजोबांच्या वेळचं घर गेल्या वर्षी विकलं, चार भावंडांत वाटणी होऊन माझ्या वाट्याचं जे आलं ते बँकेत कॅपिटल गेन खात्यात (घरविक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स वाचवायला पैसे ठेवतात त्या) पडून आहे आणि सीए म्हणतो विक्रीपासून दोन वर्षांत दुसरं घर घ्या नाहीतर टॅक्स भरा. मूळ गाव आमचं लांज्याजवळ, तिथे आता कोणी राहत नाही. रत्नागिरीत नाचण्याला एका नव्या बिल्डिंगमध्ये टू बीएचके ४६ लाखांना सांगतायत, कारपेट (भिंतींच्या आतली जागा) ६८० फूट, काम चालू आहे. मला वाटतं रत्नागिरी आता वाढणार, मिऱ्या-नागपूर हायवे होतोय, मेडिकल कॉलेज आलं, विमानतळाचं टर्मिनल बांधायला घेतलं. भाड्याने देईन आणि दहा वर्षांनी बघू. बायकोला अजिबात पटत नाहीये, ती म्हणते इथेच बडोद्यात भायलीला घ्या, निदान डोळ्यासमोर राहील. काय करावं?

वासणा रोड:
भाऊ, वहिनी बरोबर बोलतायत. माझ्या नणंदेचा कुवारबावला टू बीएचके आहे, भाडं येतं ९ हजार. वर्षाचे १ लाख ८ हजार, सोसायटीचे महिन्याला दीड हजार गेले की उरले ९० हजार, घरपट्टी तर धरलीच नाही अजून. तुमच्या ४६ लाखांवर हे दोन टक्केसुद्धा होत नाहीत हो. एफडीत टाकलेत तरी तिप्पट येईल. आणि मध्ये भाडेकरू नसला तर? नणंदेचा दोन पावसाळे बंद होता, उघडला तेव्हा कपाटामागे भिंतभर बुरशी, गाद्या फेकाव्या लागल्या, बाल्कनीच्या दाराच्या बिजागऱ्या गंजून दार हलेना. चावी शेजाऱ्यांकडे होती पण शेजारी तरी किती वेळा जाऊन खिडक्या उघडणार, त्यांना त्यांचे संसार आहेत. बडोद्याहून नळ गळतोय म्हणून कोण जाणार सांगा.

मूळ रत्नागिरीकर, आता गोत्री:
ताई, बंद ठेवलं तर घर कुठेही खराब होतं, आणि जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे तर होणारच. पण म्हणून रत्नागिरीत मागणी नाही असं नका म्हणू. मी तिथे वाढलोय. लोकांना वाटतं किनाऱ्यावरचं शहर म्हणजे टुरिस्ट आणि सेकंड होम, ते गणपतीपुळ्याला असेल. रत्नागिरी जिल्ह्याचं ठिकाण आहे, कलेक्टर ऑफिस, कोर्ट, झेडपी, कोस्ट गार्ड, फिनोलेक्सचा कारखाना, मिरजोळ्याची एमआयडीसी, २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज. बदलीवर येणारा माणूस घर विकत घेत नाही, भाड्यानेच राहतो ना. शिवाय संगमेश्वर, लांजा, राजापूरकडची माणसं मुलांच्या शाळेसाठी शहरात खोली शोधतात, हे आमच्या घरात मी बघितलंय, माझा आतेभाऊ त्याच कारणाने साळवी स्टॉपला आला आणि परत गावी गेलाच नाही. २०११च्या जनगणनेत नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे ७६ हजारच दिसते, पण नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव त्या आकड्यात नाहीतच आणि शहर वाढलंय ते तिकडेच.

सुरसागर:
शहर वाढतंय हे मान्य. पण शहर वाढणं आणि तुमच्या फ्लॅटचा भाव वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणात भाव बातमीवर चढतात. एन्रॉनचा वीजप्रकल्प आठवतोय का, ९०च्या दशकात गुहागरकडे काय हवा होती, २००१ला प्लांट बंद पडला. मग नाणार, रिफायनरी येणार म्हणून बाहेरच्यांनी येऊन जमिनी घेतल्या आणि २०१९ला सरकारने तिथलं भूसंपादन रद्द केलं. मग त्याच रिफायनरीसाठी बारसू, २०२३ला माती परीक्षणावरूनच केवढं आंदोलन झालं. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११च्या सुमारास सुरू झालं, तेव्हापासून दरवर्षी ऐकतोय की पुढच्या गणपतीला रस्ता तयार. दलाल तुम्हाला आज हायवे, मेडिकल कॉलेज आणि विमानतळ असं तिन्ही एकदम विकतोय, म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा फायदा त्याने आजच ४६ लाखांत धरलाय!! त्यात तुमच्यासाठी काय उरलं?

साइटवरचा माणूस:
बांधकामात ३१ वर्षं गेली, त्यातली ६ दापोली-गुहागर पट्ट्यात. घ्या की नका घेऊ यात मी पडत नाही, फक्त बिल्डिंग कशी बघायची ते सांगतो कारण बडोद्यातली सवय तिथे चालत नाही. खारी हवा काँक्रीटमधून आत जाते, सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट सुटतं. म्हणून काँक्रीटच्या बांधकामाच्या आयएस ४५६ कोडमध्ये उघड्या किनारी हवेसाठी कमीत कमी एम ३० ग्रेडचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगितलंय, साध्या कोरड्या हवेला २० चालतं. बिल्डरला सरळ विचारा ग्रेड कुठला, कव्हर किती आणि क्यूब टेस्टचे (काँक्रीटची ताकद तपासतात त्याचे) रिपोर्ट दाखव. दाखवत नसेल तर निघा तिथून. दुसरं, गच्चीवर पत्र्याची शेड आहे का, नसेल तर वरच्या मजल्याला हात लावू नका. ग्रिल, गीझर, एसीचं बाहेरचं युनिट यांचं आयुष्य इकडच्यापेक्षा कमी धरा. आणि त्याच बिल्डरची १० वर्षं जुनी बिल्डिंग शोधून तिच्या छज्ज्याची खालची बाजू बघा, एका नजरेत सगळं कळेल.

मूळ रत्नागिरीकर, आता गोत्री:
हे लाख मोलाचं बोललात. पण सुरसागरकाका, बडोद्यात काय सगळं सुरक्षित आहे? ऑगस्ट २०२४ला विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा माझ्या बहिणीच्या सोसायटीत पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं, दोन्ही गाड्या गेल्या, तीन दिवस लाइट नाही, गच्चीवरून दुधाच्या पिशव्या ओढत होते. नाचणं उंचावर आहे, समुद्र तिथे घरात येत नाही, मिऱ्याला धूप होते ती किनाऱ्यालगत. आणि भायलीला रिकाम्या स्कीम किती पडल्यात ते वहिनींना घेऊन रात्री आठ वाजता बघून या, किती खिडक्यांत दिवा दिसतो ते मोजा.

सीएकडे काम करते:
दादा, तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत आणि त्यावर कोणीच बोललं नाही. एक, ४६ लाख. बांधकाम चालू असलेल्या घराला ४५ लाखांपर्यंत आणि मेट्रो शहर नसेल तिथे ९० चौरस मीटर कारपेटपर्यंत जीएसटी १ टक्का लागतो, त्याच्या वर ५ टक्के. तुमचे ६८० फूट म्हणजे ६३ मीटर, कारपेटचा प्रश्न नाही, फक्त एक लाखाने अडकताय. ४६ वर २ लाख ३० हजार, ४५ वर ४५ हजार. पण पार्किंग, क्लब वगैरे वेगळे लावून एकूण पुन्हा ४५च्या वर नेत नाहीये ना ते बघा. आणि ओसी (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) मिळाल्यानंतर घेतलात तर जीएसटी नाहीच. (आपल्याकडे बीयू म्हणतो तेच तिकडे ओसी, आणि बानाखत म्हणजे तिकडचं साठेखत, जंत्रीला तिकडे रेडी रेकनर, उगाच गोंधळू नका.) दोन, तुम्ही घर विकल्याचा टॅक्स वाचवताय. काम चालू असलेलं घर म्हणजे बांधकाम धरलं तर विक्रीपासून तीन वर्षांच्या आत ते पूर्ण व्हायला हवं. महारेराच्या (महाराष्ट्रातलं बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टची पूर्ण करायची तारीख लिहिलेली असते ती आधी बघा, आणि ती एकदा वाढवून घेतलेली असेल तर मी तरी हात लावणार नाही. नोंदणीकृत साठेखत न करता १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागत असेल तर ते कायद्याने चुकीचं आहे, कितीही गोड बोलला तरी द्यायचे नाहीत.

सुरसागर:
ताईंनी डोळे उघडले. मग तर माझं म्हणणं अजून पक्कं झालं, टॅक्स वाचवायच्या घाईत घर घेऊ नका. टॅक्स आहे तो साडेबारा टक्के, तोही नफ्यावर, अख्ख्या रकमेवर नाही. भरून मोकळे व्हा आणि उरलेले पैसे हातात ठेवा. चुकीचा फ्लॅट गळ्यात पडला तर विकायला दोन-दोन वर्षं गिऱ्हाईक मिळत नाही छोट्या शहरात, माझ्या साडूचं पेणला हेच झालं, शेवटी घेतला त्या भावात दिला.

कोठी चार रस्ता:
फ्लॅटपेक्षा रत्नागिरीतच भाट्ये, मांडवीकडे समुद्र दिसेल असा प्लॉट का नाही बघत?

मूळ रत्नागिरीकर, आता गोत्री:
नको हो. किनाऱ्याजवळ सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, भरतीच्या रेषेपासून किती अंतर आणि कुठल्या झोनमध्ये यावर सगळं ठरतं. आणि शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला ती घेताच येत नाही, एनए (बिगरशेती) आहे म्हणतात आणि कागद शेतीचेच निघतात. शिवाय रिकाम्या प्लॉटवर यांचा टॅक्सही वाचत नाही, घरच लागतं.

वासणा रोड:
मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. भाऊ, एक विचारू का? भाड्यासाठी घेताय की लांज्याजवळचं गाव सुटलं म्हणून घेताय? दुसरं असेल तर तसं म्हणा, मग दोन टक्के भाड्याचं गणित करतच बसू नका, पण मग वर्षातून दोन महिने तिथे राहा आणि खिडक्या स्वतः उघडा.

खारीवाव रोड:
ताई, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस झोप नाही लागली. खरं सांगतो, बाबांना शेवटी गावी जायचं होतं, आम्ही नेलं नाही. ते मनात आहेच. बायकोशी काल पहिल्यांदा नीट बोललो. तिचं म्हणणं, राहण्यासाठी असेल तर ती येईल, पण भाडेकरूसाठी तिचा जीव टांगणीला लावायचा नाही. काम चालू असलेला नाचण्याचा फ्लॅट सोडला, महारेरावर त्यांची तारीख दोनदा वाढलेली दिसली. आता ओसी मिळालेले, मधल्या मजल्याचे आणि चार-पाच वर्षं लोक राहत असलेल्या बिल्डिंगमधले तीन फ्लॅट निवडलेत, सगळे ४० लाखांच्या आत. दिवाळीत नाही, जुलैच्या भर पावसात बघणार. आपल्या इथून थेट गाडीची दोघांची तिकिटं काढली. साइटवरचे काका, छज्ज्याचे फोटो पाठवतो, बघून सांगाल ना?

साइटवरचा माणूस:
पाठवा. बाथरूमच्या खालच्या फ्लॅटचं सीलिंगसुद्धा काढा, खालच्यांची परवानगी घेऊन.