नोटीस जाण्याआधीच संरक्षण आदेश मिळतो का?

प्रश्न: मारहाण चालू आहे, फ्लॅट सासूच्या नावावर. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तातडीचा आदेश कसा मागायचा? तो फ्लॅट ‘सामायिक घर’ धरतात का?

उत्तर 1: धरतात. कलम 2(एस) मध्ये मालकी कोणाची हे बघत नाहीत, कौटुंबिक नात्याने पीडित बाई तिथे राहते किंवा राहत होती का हे बघतात. 2020 च्या सतीशचंद्र आहुजा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. मात्र चार दिवस पाहुणी म्हणून राहिलेलं घर चालत नाही.

उत्तर 2: कलम 12 चा अर्ज (दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण मागण्याचा) नमुना 2 मध्ये. पण एकतर्फी आदेश, म्हणजे समोरच्याला नोटीस जाण्याआधीच दिलेला, हवा तर कलम 23(2) खाली नमुना 3 चं प्रतिज्ञापत्र जोडाच. बहुतेक अर्ज अडकतात ते इथे: ‘नेहमी त्रास देतात’ एवढंच लिहिलेलं असतं. शेवटची घटना तारखेसह, जखमेचा वैद्यकीय कागद, आणि आज आदेश नसेल तर काय होईल, हे हवं. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो.

उत्तर 3: मागणी नेमकी लिहा. हिंसा, संपर्क, नोकरीच्या ठिकाणी येणं यावर बंदी कलम 18 मध्ये, घरातून न काढणं 19 मध्ये. सासूला घराबाहेर काढण्याचा आदेश मात्र मिळत नाही, कलम 19 चं परंतुक (त्यातली अपवादाची अट) आडवं येतं. संरक्षण आदेश मोडला तर कलम 31: एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही). आदेशाची प्रत मोफत मिळते, जवळच ठेवा.