मदत हवी आहे: गेममधला अनोळखी 'दादा' मुलाकडे फोटो मागतोय
मंडळी जरा अर्जंट आहे. मुलगा सहावीत, होमवर्क व्हॉट्सॲपवर येतो म्हणून जुना फोन दिला आणि त्यात गेम घुसला. काल चॅट बघितलं तर कोणी 'दादा' गेममधले फुकट डायमंड देतो म्हणून युनिफॉर्ममधला फोटो मागत होता, आणि आमच्या बाळाने शाळेचं नाव सांगूनही टाकलंय!! ओरडले नाही, नाहीतर पुढच्या वेळी लपवेल. आधी स्क्रीनशॉट काढले, मग ब्लॉक केलं. १९३० हेल्पलाइन तर पैशाच्या फसवणुकीसाठी ना, मग १०९८ ला (मुलांसाठीची चाइल्डलाइन) फोन करू की सायबर क्राइम पोर्टलवर टाकू, कोणी केलीय का तक्रार? बाईंना सांगावं असं मला वाटतं, नवरा म्हणतो वर्गात पोराचीच चेष्टा होईल. आणि फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप) लावलं तर गेममधलं चॅट बंद होतं का नुसता वेळच कंट्रोल होतो?