मदत हवी आहे: तीन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वादकांसाठी ट्रॉम्बोन आणि इतर साहित्य

नमस्कार.

आमच्या ब्रास गटातील तीन वादकांसाठी ट्रॉम्बोन निवडण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. एक मुलगी 10 वर्षांची असून तिने नुकतीच सुरुवात केली आहे. दुसरा वादक काही वर्षे साधा टेनर ट्रॉम्बोन वाजवत आहे आणि आता त्याला ऑर्केस्ट्रात बसायचे आहे. तिसऱ्या ताई उत्तम तयारीच्या आहेत, मात्र त्यांचा सगळा ओढा जॅझ बिग बँडकडे आहे. मी जे वाचले आणि हाताळून पाहिले त्यावरून काही मते बनली आहेत. ती जाणकारांनी तपासून द्यावीत, ही विनंती.

सर्वांत अवघड प्रश्न मुलीचा आहे. बी फ्लॅट मेजर स्केलमधील दुसराच स्वर, म्हणजे खालचा सी, सहाव्या पोझिशनवर, म्हणजे स्लाइड (सरकणारी नळी) बरीच पुढे नेल्यावर येतो आणि तिचा हात तिथवर पोहोचत नाही. त्यामुळे ती खांदा पुढे ढकलते, माउथपीस ओठांवरून सरकतो आणि स्वर बिघडतो. एफ अटॅचमेंट (ट्रिगरने जोडली जाणारी जादा नळी) असेल तर हाच सी ट्रिगर दाबून पहिल्या पोझिशनवर मिळतो, पण त्या जादा नळीचे वजन डाव्या हातावर येते. यामाहाच्या 356 जीसारख्या लहान बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या), तरीही एफ अटॅचमेंट असलेल्या वाद्यावर कोणी मुलांना शिकवले आहे का? सुमारे 800 ग्रॅमचा प्लास्टिक ट्रॉम्बोन वजनाचा प्रश्न सोडवतो, पण लांब पोझिशनचा प्रश्न तसाच ठेवतो, शिवाय त्याची स्लाइड चांगल्या पितळी वाद्याइतकी सहज चालत नाही, असे मला वाटते.

दुसऱ्या वादकाबाबत माझी खात्री बरीच झाली आहे. ऑर्केस्ट्रासाठी 13.9 मिमी म्हणजे 0.547 इंच बोअर, साधारण 8.5 इंची बेल (वाद्याचे रुंद तोंड) आणि एफ अटॅचमेंट ही रचना रूढ आहे. बाख कंपनीचा 42 हा ट्रॉम्बोन त्याच घडणीचा. मात्र 12.7 मिमी बोअरवरून थेट इथे आल्यास तेवढीच फुंकर पुरत नाही आणि सुरुवातीला स्वर पोकळ येतो, म्हणून मध्ये 13.3 मिमी बोअरचा टप्पा घ्यावा का? माझे मत थेट मोठ्या बोअरकडे जाण्याचे आहे, कारण मधल्या बोअरच्या वाद्यांत कोणाला लहान शँकचा (शँक म्हणजे माउथपीसचा वाद्यात बसणारा भाग) तर कोणाला मोठ्या शँकचा माउथपीस लागतो आणि पुढे तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता राहते. त्याच्याकडील 12सी माउथपीस लहान शँकचा असल्याने मोठ्या बोअरला बसणार नाही. 6½ एएल हा माउथपीस दोन्ही शँकमध्ये मिळतो, म्हणून आधी तो घ्यावा की सरळ 5जी या माउथपीसची सवय लावावी?

ताईंना मात्र अनेक जण "पातळी वाढली की बोअर वाढवा" असे सांगत आहेत आणि ते मला पटत नाही. बोअर पातळीवरून नव्हे, तर संगीतावरून ठरावा. बिग बँडमध्ये लीड (पहिला ट्रॉम्बोन) वाजवणारे निष्णात वादकही 12.7 मिमीच्या आसपासच राहतात, कारण तिथे वरच्या सप्तकातील धारदार, नेमका स्वर लागतो. त्यांच्यासाठी किंग 3बी, ज्याचा बोअर 0.508 इंच आहे, हा पर्याय मी धरून ठेवला आहे. त्यांना स्ट्रेट, कप आणि प्लंजर हे तिन्ही म्यूट (बेलपाशी लावून आवाजाचा पोत बदलणारी साधने) लागतील. त्यांपैकी कपमध्ये कॉर्क घासून बसवावा लागतो का, हे कृपया सांगावे.

इतर साहित्यात स्लाइडचे क्रीम, पाण्याची फवारणी बाटली, साफसफाईचा ब्रश आणि रोटरसाठी (एफ अटॅचमेंटच्या फिरत्या झडपेसाठी) वेगळे तेल एवढे घेणार आहे. चांगले स्टँडही घेईनच, कारण खुर्चीवर ठेवलेला ट्रॉम्बोन घसरून पडला तर पहिला मार स्लाइडलाच बसतो.

दोन वाद्ये वापरलेली घ्यावी लागतील. बेलवरचा लहान पोचा चालेल, पण स्लाइडच्या बाहेरच्या नळीवरचा बारीकसा पोचाही आतल्या नळीला अडवतो, हे मला माहीत आहे. स्लाइड स्वतःच्या वजनाने सरळ खाली उतरते का, आतल्या नळ्यांवरील क्रोमचा थर झिजला आहे का आणि पितळावर लालसर ठिपके आहेत का, एवढे पाहणार आहे. याखेरीज विक्रेत्यासमोर पाच-दहा मिनिटांत आणखी काय तपासता येईल, विशेषतः रोटरमधून हवा गळते का हे कसे ओळखावे?