मदत हवी आहे: पुरळ नाही, पण तळहात-तळपाय रात्रभर खाजतात (आठवा महिना, बाइल ॲसिड 58)

नमस्कार. आम्ही केज तालुक्यातले. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, परवा 34 आठवडे पूर्ण झाले. अंगावर एक फोड नाही, पण तळहात आणि तळपाय भयंकर खाजतात. डोहाळजेवणानंतर चार दिवसांनी सुरू झालं म्हणून सगळ्यांनी मेंदीवर खापर फोडलं. मेंदी उतरली, खाज वाढली. रात्री शेजारच्या खोलीतून तिच्या हिरव्या बांगड्या वाजत राहायच्या, त्यावरून मला कळलं की ही झोपतच नाही. वजरीनं घासून टाचांतून रक्त काढलं होतं तिनं.

एका दवाखान्यात दाखवलं, तर ॲलर्जीची गोळी आणि खोबरेल तेल. पंधरा दिवस त्यात गेले. शेवटी आशाताई मागे लागल्या, की 9 तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथं दाखवाच. तिथल्या मॅडमनी दोनच गोष्टी विचारल्या: रात्री वाढतं का, लघवी गर्द होते का. दोन्ही हो. लिव्हरची तपासणी केली, एसजीपीटी 168 निघाली. बाइल ॲसिडचा नमुना लातूरहून मुंबईला गेला, चौथ्या दिवशी रिपोर्ट आला, 58.

याला गरोदरपणातला कोलेस्टॅसिस म्हणतात, कागदावर आयसीपी लिहिलंय. लिव्हरमधून पित्त नीट वाहत नाही, त्यातली आम्लं, म्हणजेच बाइल ॲसिड, रक्तात साचतात. बाईला खाज, आणि धोका पोटातल्या लेकराला. असं काही असतं हे आमच्या गल्लीत एकीलाही माहीत नव्हतं.

मॅडम म्हणतात अर्सोच्या (पित्तासाठीच्या) गोळ्या चालू ठेवा, दर आठवड्याला बाइल ॲसिड करा आणि अडतिसाव्या आठवड्यात कळा आणून बाळंतपण करू. इथंच घरात अडलंय. आईचं म्हणणं, "भरल्या दिवसाआधी कशाला? कळा येतील तवा येतील." तिनं काविळीची माळही आणून घातलीय. डोळे पिवळे नाहीत, कावीळ नाही, सांगून दमले.

काल रात्री बहिणीच्या पायाला ओला पंचा गुंडाळता गुंडाळता आई पहिल्यांदाच बोलली. माझ्या आधीचं एक लेकरू आठव्या महिन्यात पोटातच गेलं. "मला बी अशीच खाज होती माय. राखेनं तळपाय घासायची मी." पुढं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

कुणाच्या घरी हे झालंय का? 58 म्हणजे किती घाबरायचं? आणि आईला कसं पटवू?

प्रतिसाद 1 (परभणी)

ताई, माझ्या दोन्ही वेळेला होतं. पहिल्यांदा झालं की पुढच्या खेपेला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, आणि घराण्यातही चालतं, त्यामुळं तुमच्या आईचं ऐकून अंगावर काटा आला. ही गोष्ट मॅडमना नक्की सांगा.

आकड्याचं असं, की 19 पासून आजार धरतात, 40 ते 99 मध्यम, 100 च्या पुढं गंभीर. 2019 साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात हजारो बायांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या होत्या. 100 च्या वर पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाण 3.44 टक्के, 40 च्या खाली 0.13 टक्के. तुमचा आकडा मधला आहे, पण तो आठवड्यात चढू शकतो. म्हणून तपासणी चुकवू नका.

प्रतिसाद 2 (नांदेड, नर्स आहे)

वरच्या ताईंचं बरोबर. थोडी भर घालते. अर्सोनं खाज थोडीफार कमी होते, बाळाचा धोका टळतो असं धरून बसू नका. सोनोग्राफी चांगली आली म्हणूनही निर्धास्त होऊ नका, ती त्या वेळेपुरतं सांगते. तारीख ठरवतात ती याचसाठी. नमुना उपाशीपोटी दिला असेल तर दर वेळी तसाच द्या, जेवणानंतर आकडा चढतो. बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन करून निघायचं.

आणि उलट्या, डोळे पिवळे, गुंगी असं काही दिसलं तर ते वेगळं दुखणं असू शकतं, हिपॅटायटिस ई किंवा लिव्हरमध्ये चरबी साचण्याचं. त्यात तासही महत्त्वाचे. हिपॅटायटिस ई खराब पाण्यातून होतो, म्हणून टँकरचं पाणी उकळूनच द्या.

माळ राहू द्या गळ्यात, माळेनं काही बिघडत नाही. पोटात मात्र कुठला झाडपाला जाऊ देऊ नका.

धागाकर्ती

दोघींचे आभार. 3.44 चा आकडा आईला सांगितला, तिनं ऐकूनच घेतलं नाही. मग एवढंच म्हणाले, की तुझ्या वेळी ही तपासणी असती तर? ती उठून चुलीकडं गेली. तासाभरानं विचारलं, बुधवारी नमुना द्यायला किती वाजता निघायचं.

रात्रीची गरज पडली तर अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला जायचं ठरलंय, शेजारच्या दादाला गाडीचं सांगून ठेवलं. माळ अजून गळ्यातच आहे. बुधवारचा रिपोर्ट आला की इथंच टाकते.