तीन विभागांच्या कुपोषण पाहणीतून तालुक्याचा एकच आकडा कसा काढावा? सल्ला हवा

डोंगरवाट:
नमस्कार मंडळी. सातपुड्यातल्या एका तालुक्यात आम्ही ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांची पाहणी केली. (नाव मुद्दाम देत नाही, आकडेही गोल केलेत.) तीन विभाग: डोंगरातले पाडे, सपाटीची गावं आणि धरणग्रस्तांच्या वसाहती. प्रत्येक विभागात ४०० मुलं. उंचीच्या मानाने वजन उणे २ झेड-स्कोअरच्या (निरोगी मुलांच्या मध्यापासून किती दूर ते सांगणारं माप) खाली किंवा दोन्ही पायांवर सूज, अशी मुलं डोंगरात १८ टक्के, सपाटीला ९, वसाहतींत १२. आता वरून मागणी आलीय, तालुक्याचा एकच आकडा द्या. तिन्हींची सरासरी काढली तर १३. सगळी १२०० मुलं एकत्र घेतली तरी १३च. दोन्हीकडून तेच येतंय, तरी पटत नाही. काय चुकतंय?

जुना_गणिती:
नमुना तिन्हीकडे सारखा घेतलात म्हणून दोन्ही रीतींनी १३ आले. त्याने काही सिद्ध होत नाही. खरी मुलं कुठे किती आहेत ते सांगा.

डोंगरवाट:
अंगणवाडीच्या सर्व्हे रजिस्टरप्रमाणे डोंगर २०००, सपाटी ९०००, वसाहती १०००.

जुना_गणिती:
मग झालं की! तालुक्यातली चारपैकी तीन मुलं सपाटीला राहतात आणि तुमच्या सरासरीत त्यांना तिसराच हिस्सा मिळालाय. प्रत्येक टक्केवारीला त्या विभागाच्या मुलांच्या संख्येने गुणा: ३६० + ८१० + १२० = १२९० मुलं. भागिले १२,०००. उत्तर १०.७५ टक्के.

सॉफ्टवेअरमध्ये करायचं तर प्रत्येक मुलाला भार द्या, म्हणजे ते एक मूल किती मुलांच्या वतीने मोजायचं तो आकडा. डोंगरात ५ (२००० भागिले ४००), सपाटीला २२.५, वसाहतींत २.५. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या सर्व्हे पॅकेजमध्ये विभाग हे स्तर (वेगवेगळा नमुना घेतलेले गट) म्हणून आणि गाव-पाडे हे क्लस्टर (एकत्र निवडलेल्या मुलांचे झुबके) म्हणून सांगा, बाकी ते बघून घेतं.

एक चूक मात्र हमखास होते. विभागांच्या विश्वासमर्यादांची (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा त्यांची) खालची टोकं आणि वरची टोकं यांची वेगवेगळी सरासरी काढून लोक मोकळे होतात. तसं करू नका. प्रत्येक विभागाच्या व्हेरियन्सला (अंदाजातल्या अनिश्चिततेच्या मापाला) त्याच्या हिश्श्याच्या वर्गाने गुणायचं, बेरीज करायची, मग वर्गमूळ. क्लस्टरमुळे डिझाइन इफेक्ट (व्हेरियन्स किती पट वाढतो तो आकडा) १.५ धरला तर तुमची मर्यादा साधारण ८ ते १३.५ येते. गंमत म्हणजे यातली ९० टक्के अनिश्चितता एकट्या सपाटीची आहे. तालुक्याचाच आकडा काढायचा होता तर तिथे जास्त मुलं मोजायला हवी होती. पुढच्या वेळी बघा.

पाटी_पेन्सिल:
रजिस्टरवर इतका भरवसा नको, दादा. लांबच्या पाड्यांवरची मुलं नोंदीतून सुटतात. डोंगरात ३००० धरून बघा, आकडा ११.३ होतो. दोन्ही लिहा. २०११ च्या जनगणनेवरून भार काढणार असाल तर तो विचार सोडाच. एक तर ती जुनी, त्यात ० ते ६ वर्षांचा वयोगट.

माजी_पर्यवेक्षिका:
मी आकडेमोडीतली नाही, पण तिन्ही विभागांची मोजणी एकाच वेळी झाली का? आमच्याकडे श्रावणात मोजलेलं पोर आणि दिवाळीनंतर मोजलेलं पोर यांत जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो, पोरांसकट. तेव्हा घरोघर फिरून जे सापडतात तेवढेच मोजले जातात. आणि एखाद्या विभागात नुसता दंडाचा घेर घेतला असेल तर तो यात मिसळू नका. घेर ११५ मिलिमीटरच्या खाली असलेली आणि उंचीनुसार वजनात तीव्र कुपोषित असलेली, ही नेहमी तीच मुलं नसतात.

अजून एक करा. उंचीच्या रकान्यातला शेवटचा आकडा बघा.

डोंगरवाट:
ताई, तिन्हीकडे ऑगस्टमध्येच मोजलंय आणि वजन-उंचीच घेतलीय. पण शेवटचा आकडा बघितला आणि डोक्याला हात लावला. वसाहतींतल्या एका चमूची पानंच्या पानं ७५.०, ८०.०, ८२.५, ९०.० अशी. उंची मोजायच्या फळ्यावरची पट्टी वाचलीच नाही, अंदाजे लिहिलंय. झेड-स्कोअरचं प्रमाण विचलन (आकडे किती पसरलेत ते) १.३ आलं.

जुना_गणिती:
०.८ ते १.२ मध्ये असायला हवं. विचलन फुगलं की दोन्ही टोकांना खोटी मुलं जमा होतात आणि टक्केवारी वाढलेली दिसते. तालुक्याच्या आकड्यावर मात्र फार फरक पडणार नाही, वसाहतींचा वाटा बाराव्या हिश्श्याचा. तिथे १२ ऐवजी खरे ८ असले तरी एकत्रित आकडा ०.३३ नेच उतरेल. वसाहतींचा स्वतंत्र आकडा मात्र छापू नका.

माजी_पर्यवेक्षिका:
आणि डोंगराचे १८ वेगळे छापा, ठळक. नुसते १०.७५ वर पाठवलेत तर पाड्यांवर कोणी फिरकायचं नाही.

डोंगरवाट:
तक्त्यात डोंगर आणि सपाटी वेगळे, खाली तालुक्याचा आकडा मर्यादेसह, असं ठरवलंय. वसाहतींतली शंभरेक मुलं पुन्हा मोजायला सोमवारी निघतोय. फळा बरोबर घेतलाय, या वेळी पट्टी मीच वाचणार.