शब्दचर्चा: ‘प्रलंबित विधेयक’ म्हणजे नेमकं कुठे थांबलेलं?

कोरेगाव वाचनालय

वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी विधिमंडळ अधिवेशनाचं टिपण तयार होत आहे. एकाच विधेयकाला कुठे ‘प्रलंबित’, कुठे ‘विचाराधीन’, कुठे ‘रखडलेले’, तर कुठे ‘बारगळले’ असं छापलेलं दिसतं. ‘चर्चेच्या प्रतीक्षेतील विधेयके’ असंही एक शीर्षक होतं. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि साधं ‘बिल’ लिहिलं तर काय बिघडतं? वाचणारे बहुतेक शेतकरी आणि स्पर्धा परीक्षेची मुलं आहेत.

मिरजकर

‘बिल’ नको, ताई. आपल्या भागात ‘बिल अडकलं’ म्हटलं की माणूस कारखान्याकडे बघतो. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे (सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचे) पैसे द्यायचे, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, आणि ‘बिल जमा झालं का’ हा प्रश्न इथे त्याच अर्थाने विचारतात. त्यातून घोटाळा असा की धन विधेयकालाही (कर आणि सरकारी पैशाविषयीच्या विधेयकाला) १४ दिवसांचीच मुदत आहे. विधान परिषदेने ते १४ दिवसांत परत पाठवलं नाही, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद १९८ प्रमाणे ते दोन्ही सभागृहांनी संमत केलं असं धरतात. ‘१४ दिवसांत बिल’ एवढंच लिहिलंत तर अर्धे वाचक भलतंच समजतील. सरळ विधेयक लिहा.

‘चर्चेच्या प्रतीक्षेतील’ मला खटकतं. विधेयक कुणाची वाट बघत बसत नाही. ‘चर्चेला यायची असलेली विधेयके’ किंवा कामकाजाच्या भाषेत ‘विचारार्थ यावयाची विधेयके’ हे मराठीला जवळचं.

कृष्णाकाठ

शब्द निवडण्याआधी जागा बघा. ‘प्रलंबित’ हा शब्द चुकीचा नाही, पण एकटा लिहिला तर त्यातून काहीच कळत नाही. शासनाच्या आणि विधानमंडळाच्या याद्यांमध्ये तो सहसा एकटा येत नाही. ‘विधानसभेत प्रलंबित’, ‘विधान परिषदेत प्रलंबित’, ‘संयुक्त समितीकडे प्रलंबित’ असा जागेसकट येतो. ती जागा गाळली की बातमी निकामी होते, कारण विधानसभा विसर्जित झाल्यावर विधेयक राहणार की जाणार, हे त्या जागेवर ठरतं.

अनुच्छेद १९६ मध्ये ते लिहिलेलं आहे. अधिवेशन संस्थगित झालं (म्हणजे राज्यपालांनी ते संपवलं) म्हणून कोणतंच प्रलंबित विधेयक व्यपगत (म्हणजे आपोआप संपुष्टात) होत नाही, पुढच्या अधिवेशनात तिथूनच पुढे चालू होतं. विधानसभा विसर्जित झाली तर मात्र दोन प्रकारची विधेयकं व्यपगत होतात: विधानसभेतच प्रलंबित असलेली, आणि विधानसभेने संमत करून परिषदेत प्रलंबित राहिलेली. जे विधेयक परिषदेतच प्रलंबित आहे आणि विधानसभेने अजून संमत केलेलं नाही, ते टिकतं, कारण परिषद विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी तिचे सुमारे एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

म्हणून ‘तहकूब’, ‘संस्थगित’ आणि ‘विसर्जित’ हे तीन शब्द अजिबात अदलाबदल करू नका. बैठक तहकूब करतात ते पीठासीन अधिकारी, म्हणजे अध्यक्ष किंवा सभापती. अधिवेशन संस्थगित करतात राज्यपाल, आणि तो आदेश सभागृहात वाचून दाखवला जातो. विसर्जित होते ती फक्त विधानसभा.

विटेकर

दोन्ही सभागृहांनी संमत केलं, राज्यपालांकडे सहीला गेलं आणि तेवढ्यात विधानसभा विसर्जित झाली, तर?

कृष्णाकाठ

टिकतं. केरळच्या जमीन सुधारणा विधेयकावरून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९६१ च्या पुरुषोत्तमन नंबूदिरी खटल्यात न्यायालयाने सांगितलं की राज्यपालांच्या किंवा राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी असलेलं विधेयक हे अनुच्छेद १९६ च्या अर्थाने ‘विधिमंडळात प्रलंबित’ नसतं, त्यामुळे विसर्जनाने व्यपगत होत नाही. म्हणून अशा विधेयकाला ‘अनुमतीसाठी प्रलंबित’ असंच म्हणावं. तिथे ‘चर्चा बाकी’ म्हणणं तर साफ चूक, चर्चा कधीच झालेली असते.

शब्द ‘अनुमती’च वापरा. ‘सही’ बोलण्यात ठीक आहे, ‘संमती’ नको, कारण ‘संमत’ हे सभागृहाचं क्रियापद आहे. अनुच्छेद २०० प्रमाणे राज्यपाल अनुमती देतात, रोखून ठेवतात, किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतात. धन विधेयक नसेल तर फेरविचारासाठी परतही पाठवू शकतात. ‘रोखून’ आणि ‘राखून’ यांत एका मात्रेचा फरक, परिणाम पूर्ण वेगळा. मुद्रितशोधन करणाऱ्याने इथे डोळ्यांत तेल घालून बघावं.

सज्जनगड

आपल्या जिल्ह्याशी जवळचं उदाहरण जादूटोणाविरोधी विधेयकाचं आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्या विधेयकाच्या प्रवासात या चर्चेतले जवळजवळ सगळे शब्द येऊन जातात. २००५ मध्ये ते विधानसभेत संमत झालं. विधान परिषदेत प्रलंबित राहिलं. २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली तसं व्यपगत झालं. २०११ मध्ये नव्या रूपात पुन्हा आलं आणि पुन्हा रेंगाळलं. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच महिन्यात अध्यादेश प्रख्यापित (जारी) झाला. डिसेंबर २०१३ च्या नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांत विधेयक संमत होऊन, राज्यपालांच्या अनुमतीनंतर, सन २०१३ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३० झाला.

आता २००९ च्या टप्प्यावर ‘सरकारने विधेयक मागे घेतलं’ किंवा ‘सभागृहाने फेटाळलं’ असं लिहिलं तर इतिहासच बदलतो. ते ना मागे घेतलं गेलं, ना फेटाळलं गेलं. त्यावर निर्णयच झाला नाही, हे सांगणारा शब्द ‘व्यपगत’. अवघड वाटला तर ‘मुदतीअभावी रद्दबातल’ लिहू नका, तसं काही नसतं. ‘विधानसभा विसर्जित झाल्याने आपोआप संपुष्टात आलं’ हे सोपं आणि बरोबर आहे.

विटेकर

परिषद एवढी वर्षं अडवू शकते? चार महिन्यांची मर्यादा आहे असं मुलांना शिकवतात.

सज्जनगड

मर्यादा आहे, पण ती आपोआप चालत नाही. अनुच्छेद १९७ नीट वाचा. साधं विधेयक परिषदेपुढे ठेवल्यापासून तीन महिने उलटले, किंवा परिषदेने फेटाळलं, किंवा विधानसभेला न पटणाऱ्या सुधारणा केल्या, तर विधानसभा ते पुन्हा संमत करू शकते. दुसऱ्या वेळी परिषदेला एक महिना. त्यानंतर ते दोन्ही सभागृहांनी संमत केल्याचं मानलं जातं. ‘करू शकते’ यात सगळं आलं. विधानसभेने दुसऱ्यांदा संमत केलंच नाही, तर महिने मोजून काही होत नाही. ‘परिषद जास्तीत जास्त चार महिने रोखू शकते’ हे पाठांतर त्यामुळे अर्धवट आहे.

कोरेगाव वाचनालय

‘अध्यादेश’ शब्दाचंही विचारायचं होतं. गावात कोणत्याही सरकारी कागदाला अध्यादेश म्हणतात.

मिरजकर

ही चूक आता छापील मजकुरातही मुरली आहे. २०२४ च्या जानेवारीत मराठा आरक्षणातल्या ‘सगेसोयरे’ संदर्भात जो कागद निघाला, तो नियमांत सुधारणा सुचवणारा अधिसूचनेचा मसुदा होता, त्यावर हरकती मागवल्या होत्या. बोलण्यात आणि कित्येक बातम्यांत तो ‘अध्यादेश’ झाला. फरक लक्षात ठेवायला एवढं बघा की खाली कुणाचा अधिकार आहे. अध्यादेश अनुच्छेद २१३ खाली राज्यपाल काढतात आणि विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसतानाच. त्याला कायद्याचं बळ असतं. अधिसूचना एखाद्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात निघते. शासन निर्णय म्हणजे जीआर, तो विभागाचा प्रशासकीय आदेश. तो विधिमंडळात मंजुरीला जात नाही, त्यामुळे ‘जीआर प्रलंबित विधेयकांत आहे’ असं होऊच शकत नाही.

अध्यादेश विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी अमलात राहत नाही. दोन्ही सभागृहं वेगवेगळ्या तारखांना भरली तर नंतरच्या तारखेपासून मोजायचं. म्हणून अधिवेशनाच्या यादीत अध्यादेशाच्या जागी येणारी विधेयकं पुढे घेतात. ती राहिली तर नुसती प्रलंबित राहत नाहीत, खालचा अध्यादेशही संपतो. तुमच्या टिपणात अशा विधेयकांपुढे खूण करा.

आणि साताऱ्यात सध्या ‘गॅझेट’ हाही शब्द जपून. २०२५ च्या आंदोलनापासून ‘सातारा गॅझेट’ म्हटलं की लोकांना जुन्या नोंदी आठवतात. विधेयक छापून येतं त्याला ‘राजपत्र’ लिहा.

कृष्णाकाठ

‘पटलावर ठेवले’ हे विधेयक मांडण्याला लावू नये. पटलावर ठेवतात ते कागद: अहवाल, अधिसूचना, अध्यादेशाची प्रत. विधेयक पुरःस्थापित करतात, साध्या भाषेत मांडतात. मांडताना त्यावर सविस्तर चर्चा होत नाही, हे पहिलं वाचन. दुसऱ्या वाचनात ‘विधेयक विचारात घ्यावे’ हा प्रस्ताव येतो आणि तत्त्वावर चर्चा होते. याच ठिकाणी कुणी ते प्रवर समितीकडे, संयुक्त समितीकडे किंवा लोकमत आजमावण्यासाठी पाठवण्याचा प्रस्ताव आणू शकतो. ते मान्य झालं नाही तर खंडशः विचार होतो, सुधारणा खंडाखंडाला मांडतात, आणि नाव व प्रारंभ सांगणारा खंड एक शेवटी घेतात. तिसऱ्या वाचनात ‘संमत करावे’.

यातल्या खंड शब्दावर थोडं थांबतो. विधेयकात असतात ते खंड, अधिनियम झाला की त्यांची कलमं होतात. समितीत किंवा चर्चेत खंड वाढले-गळले तर पुढचे क्रमांक सरकतात. ‘विधेयकाच्या कलम ५ ला विरोध’ अशी बातमी दिली आणि पुढे अधिनियमात तो मजकूर कलम ६ झाला, तर वर्षभराने शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. शक्यतो क्रमांकासोबत विषयही लिहावा.

‘विचाराधीन’ म्हणायचं तर दुसऱ्या वाचनाचा प्रस्ताव आल्यावर, किंवा समितीपुढे असताना. नुसतं पुरःस्थापित होऊन पडलेलं विधेयक विचाराधीन नाही. शासनाने अजून मांडलेलंच नाही, फक्त मंत्रिमंडळाची मान्यता मिळालीय, ते तर ‘प्रस्तावित’. ‘मंत्रिमंडळात विधेयक मंजूर’ हे शीर्षक सगळ्यांत जास्त गोंधळ घालतं. तिथे मसुद्याला मान्यता मिळते, विधेयक अजून सभागृहात पोचायचं असतं.

विटेकर

आणि ‘शक्ती कायदा’?

सज्जनगड

महिला आणि बालकांवरील अत्याचारांबाबतचं ते विधेयक. तो कधी कायदा झालाच नाही, तरी नाव तेच रूढ झालं. डिसेंबर २०२० मध्ये मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलं, राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी गेलं, अनुमती मिळाली नाही. इतक्या गंभीर विषयात ‘शक्ती कायद्याखाली गुन्हा नोंदवा’ असं लोक पोलिस ठाण्यात सांगू लागले तर तो शब्दाच्या चुकीचा परिणाम आहे. ‘शक्ती विधेयक’ लिहा, आणि ‘मंजूर’ न लिहिता ‘दोन्ही सभागृहांत संमत, अनुमती नाही’ असं लिहा.

जनसुरक्षा विधेयकाचंही असंच. जुलै २०२४ मध्ये मांडलं गेलेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये मांडलं गेलेलं, ही कायद्याच्या दृष्टीने दोन विधेयकं. मध्ये निवडणूक झाली. पहिलं व्यपगत झालं, दुसरं संयुक्त समितीकडे जाऊन जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झालं. त्यामुळे ‘वर्षभर प्रलंबित राहिलेलं विधेयक’ हे वर्णन चुकतं. ‘पुन्हा मांडलेलं’ म्हणा.

मिरजकर

उरलेले शब्द. ‘रखडलं’, ‘रेंगाळलं’ ही मतं आहेत. अग्रलेखात चालतील, यादीत नकोत. ‘बारगळलं’ म्हणजे बेत फसला. व्यपगत विधेयक पुन्हा येऊ शकतं, म्हणून तिथेही नको. ‘बासनात गुंडाळलं’ तेव्हाच, जेव्हा कुणीतरी मुद्दाम बाजूला ठेवल्याचं दाखवता येईल. बासन म्हणजे पोथ्या-कागद बांधायचं फडकं, ते कुणाच्या तरी हातानेच बांधलं जातं.

‘पारित’ हिंदीतून आलाय, मराठी कामकाजात ‘संमत’ आहे. ‘एकमताने’ आणि ‘आवाजी मतदानाने’ हेही वेगळं. २० फेब्रुवारी २०२४ च्या विशेष अधिवेशनात मराठा आरक्षणाचं विधेयक एकमताने संमत झालं. आवाजी मतदानात विरोधाचे आवाजही असू शकतात, फक्त मोजणी होत नाही.

कोरेगाव वाचनालय

मग रकाने असे आखते: विधेयकाचं नाव व वर्ष, कोणत्या सभागृहात मांडलं, आज कुणाकडे आहे, शेवटची कृती व तारीख. ‘सद्यःस्थिती’ असा एकच रकाना होता, तो काढला. सभापती आणि अध्यक्ष यांचं काय? आमच्याकडे सभापती म्हटलं की पंचायत समिती.

कृष्णाकाठ

रकाने उत्तम. अध्यादेशाची जागा घेणाऱ्यांसाठी खूण विसरू नका. विधानसभेचे अध्यक्ष, विधान परिषदेचे सभापती. फलटणचे रामराजे नाईक निंबाळकर २०१५ ते २०२२ परिषदेचे सभापती होते, त्यांना ‘विधानसभा अध्यक्ष’ लिहिलेलं अजून दिसतं. तळटीपेत ‘विधान परिषदेचे सभापती’ असं पूर्ण पद दिलंत की पंचायत समितीशी घोळ होणार नाही. आणि धन विधेयक आहे की नाही, हे विधानसभेचे अध्यक्ष ठरवतात, सभापती नाही. तुमच्या यादीत विनियोजन विधेयक (सरकारी खर्चासाठी पैसे देणारं धन विधेयक) आलं तर त्यापुढे परिषदेच्या १४ दिवसांची तारीख मोजून लिहा.